दर्याच्या पिसवांची वैरीण

सलूहाच्या गाद्या करकनाच्या बेटांवर प्रसिद्ध होत्या. कापसाच्या नव्हेत, दर्यागवताच्या. वादळ होऊन गेलं की समुद्र ते गवत किनाऱ्यावर आणून टाकतो. तपकिरी, चपटं, फितीसारखं. थरावर थर चढत कधी कधी कमरेइतका बांध तयार होतो. सलूहा ते लांब दांड्याच्या काट्यानं उपसायची, वर टेकाडावर पसरून ठेवायची, पावसात भिजून मीठ उतरलं की उन्हात बडवायची आणि पोत्याच्या कापडात भरायची. तिच्या गादीवर पाठ धरत नाही असं म्हातारी माणसं सांगत.

थर उलटला की खालून पिसवा उडत. तापलेल्या तेलात मोहरी टाकावी तशा. पिसवा नुसत्या नावाला. त्या रक्त पीत नाहीत, अंगावर राहत नाहीत. कोळंबीचीच दूरची भावकी ती. नखाएवढं अंग, वाळूचाच रंग, दोन बोटांत धरून चेपल्यासारखी बारीक कूस. शेपूट पोटाखाली दुमडून झटका दिला की हातभर उंच जातात. दिवसा ओल्या वाळूत बीळ करून बसायचं, अंधार पडला की वर येऊन कुजकं गवत खायचं, एवढाच त्यांचा संसार. घरातल्या मुंग्यांशी कुणी भांडत नाही, तसं आमच्याकडे त्यांच्याशीही कुणी भांडत नसे.

सलूहा बेटाच्या पश्चिम कडेची, तिचा नवरा लारूसी पूर्वेचा. लग्न होऊन ती इकडे आली. नव्या गादीतून एखादी चुकार पिसू टुणकन उडाली की लारूसी म्हणायचा, "बघ, तुझ्या माहेरचं माणूस आलं."

ती म्हणायची, "माहेरचं आहे म्हणून उठून उडी तरी मारतंय. सासरचं असतं तर पसरून घोरत पडलं असतं."

लारूसी खरंच आळशी होता, पण पाण्यात नाही. उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्यांची लांबच लांब कुंपणं रोवून मासळी वळवायची आणि टोकाच्या सापळ्यात धरायची, हा बापजाद्यांपासूनचा धंदा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ तिजानी मिळून तो सांभाळत. पदरात एक मुलगी, नझीहा. ती लग्न करून समुद्रापलीकडच्या सफाकस शहराला गेली, तेव्हा घरात ही दोघंच उरली आणि भांडायला तिसरं कुणी नाही म्हणून एकमेकांशीच आनंदात भांडत राहिली.

एका हिवाळ्यात झावळ्यांचं कुंपण वाऱ्यानं उखडलं. तिजानी त्या दिवशी कामासाठी सफाकसला गेला होता. लारूसीनं थांबायला हवं होतं; थांबला नाही, एकटाच होडी घेऊन गेला. आमचा समुद्र उथळ, मैलभर चाललात तरी पाणी छातीवर येत नाही, पण मधून मधून खोल चर आहेत आणि त्यांत ओढ असते. वारा फिरला, शिडाचं आडवं लाकूड गर्रकन वळलं आणि त्याच्या डोक्यावर बसलं असावं. होडी संध्याकाळी सापडली. शीड तसंच लावलेलं होतं.

तो तिसऱ्या दिवशी सापडला. बायका सलूहाला अडवत होत्या, पण ती सगळ्यांच्या आधी पोचली. लाटांनी त्याला गवतासकट वर आणून टाकलं होतं. छातीपर्यंत गवत, जणू कुणी पांघरूण घालून निजवलं होतं. तिजानीनं वाकून तो थर बाजूला सारला आणि भावाच्या कॉलरमधून, बाह्यांमधून, दाढीतून पिसवा उसळल्या. डोळ्यांच्या जागी डोळे नव्हते. ओठ नव्हते.

सलूहा गुडघ्यांवर बसली आणि एकेक पिसू वेचून फेकू लागली. दाढीतून, कानातून. एक फेकावी तर दोन वर येत. माणसं काहीबाही बोलत होती, ते तिच्या कानात शिरत नव्हतं. तिला फक्त सदऱ्याच्या ओल्या कापडावर त्यांचा बारीक टपटप आवाज ऐकू येत होता. शेवटी तिजानीनं तिला मागून कवेत घेऊन उचललं, तेव्हाही तिच्या मुठीत काहीतरी वळवळत होतं.

त्याच दिवशी दफन झालं. आमचं कबरस्तान किनाऱ्यालगतच आहे, खजुरीच्या रांगेपलीकडे. पाण्याच्या बाजूला पहिली रांग तान्ह्या मुलांची, तिच्यामागे मोठ्यांची. लारूसीला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. सलूहानं विधवेची पांढरी वस्त्रं नेसली, शोक पाळायचे इद्दतीचे महिने घरात काढले, आल्यागेल्याला चहा दिला. ती सावरली असंच सगळ्यांना वाटलं.

इद्दत सरल्यावर पहिल्याच सकाळी तिनं घरातल्या सगळ्या गाद्या अंगणात आणल्या, सुरीनं फाडल्या आणि पेटवून दिल्या. मग उकळत्या पाण्याची किटली घेऊन ती किनाऱ्यावर गेली. गवत उलटायचं, पिसवा दिसल्या की पाणी ओतायचं. दुसऱ्या दिवशी रॉकेल नेलं. असं किती महिने चाललं असेल! बायका आधी हळहळल्या, मग कुजबुजल्या, मग सवय झाली. किनाऱ्यावर धूर दिसला की लोक म्हणत, सलूहा आपल्या वैऱ्यांना जेवू घालतेय. घरी ती सतरंजीवर झोपू लागली. गादीचं काम कुणी आणलं तर दारातूनच परत पाठवी.

गावाच्या दक्षिण टोकाला एक हॉटेल होतं. त्याचा व्यवस्थापक अन्वर हा बेटावरचाच पोरगा, बोलायला गोड. पाहुणे कुरकुर करत होते की किनाऱ्यावर वास येतो, पायांवर काहीतरी उड्या मारतं. त्यानं नगरपालिकेची परवानगी काढली, ट्रॅक्टर आणला, गवत खरवडून टाकायला माणसं बघू लागला. सलूहा आपणहून त्याच्याकडे गेली.

"मजुरी दिली नाहीस तरी चालेल," ती म्हणाली, "दंताळं तेवढं दे."

अन्वरनं दंताळंही दिलं आणि मजुरीही दिली. ती इतकी राबायची की ट्रॅक्टरवाला कंटाळून म्हणायचा, मावशी, यंत्राला तरी दम खाऊ द्या. हॉटेलासमोरचा पट्टा लख्ख झाला. गवत भरून आतल्या मिठागराच्या पाणथळीत नेऊन ओतलं. आणि मग सलूहानंच अन्वरला कबरस्तानापर्यंत चालवत नेलं. तिथं बांध सगळ्यांत उंच होता, वर्षानुवर्षांचा, खाली काळाठिक्कर पडलेला.

"इथून येतात त्या," ती म्हणाली. "हे ठेवलंस तर तिकडचं झाडून काय उपयोग? पैदास इथं आहे."

अन्वरला तेवढं लांब जायचं नव्हतं. पण पाहुणे संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जात हे खरं होतं. तो हो म्हणाला.

तिजानीला कळलं तसा तो तिच्या दारात आला. तो कमी बोलणारा माणूस. बाहेरच उकिडवा बसला.

"वहिनी, ते गवत तिथं उगीच पडलेलं नाही. लाट त्याच्यावर आपटते म्हणून वाळूवर आपटत नाही. आमच्या बापानं त्याला कधी हात लावू दिला नाही."

"तुझ्या भावाला त्याच गवतात खाल्लं."

"भाऊ मेला तो लाकूड लागून."

"मेला लाकूड लागून," सलूहा म्हणाली. "मी मेल्याचं बोलत नाहीये."

तिजानी उठून गेला. पण त्यानं एक केलं. हाजर नावाची एक बाई तेव्हा सफाकसच्या विद्यापीठातून आली होती आणि त्याच्याच घरी उतरली होती. किनाऱ्यावरच्या याच पिसवांचा अभ्यास करायची. संध्याकाळी वाळूत प्लास्टिकचे पेले पुरून ठेवायची आणि सकाळी त्यांत पडलेल्या पिसवा मोजायची. सलूहानं तिचे पेले दोनदा लाथेनं उडवले होते. तिजानीनं हाजरला सांगितलं, तुम्ही एकदा तिच्याशी बोलून बघा, माझं काही ऐकत नाही ती.

हाजर आली ती हातात पांढरी बशी घेऊन. सलूहानं पाहुणी म्हणून चहा ठेवला. बशीकडे बघितलं नाही. हाजर तरुण होती, दुःखात पडलेल्या माणसाशी कसं बोलावं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जे ठाऊक होतं तेच ती बोलू लागली. बशीत थोडं पाणी शिंपडलेलं होतं आणि एक मोठी पिसू कुशीवर पडली होती.

"ही मादी आहे, मावशी. पायांच्या मधे बघा, पाकळ्यांची पिशवी आहे. अंडी ती दर्यात सोडून देत नाही, पोटाशी धरून हिंडते. पिलं तिथंच फुटतात आणि बाहेर पडतात ती थेट आईसारखीच. पहिल्या दिवसापासून उडी मारतात."

सलूहा बघत होती. पिशवीत खसखशीएवढं काहीतरी हलत होतं.

हाजरला वाटलं, ऐकतेय. ती सांगत गेली. ही उन्हात सापडली तर सुकून मरते, पाण्यात पडून राहिली तर बुडून मरते. गवताखालची ओल तेवढी तिची. समुद्र कुठल्या बाजूला आहे हे तिला सूर्यावरून कळतं, नि चांदण्यात चंद्रावरून. जन्मून कधी किनारा न पाहिलेल्या पिलालाही कळतं. पूर्वेच्या किनाऱ्यावरची पिसू नेऊन पश्चिमेला सोडली तर ती बिचारी पाण्याकडे जायचं म्हणून जमिनीकडे धावते.

"मेलेला माणूस खातात?" सलूहानं विचारलं.

हाजरनं बशी खाली ठेवली. खोटं बोलणं तिला जमलं असतं तर बरं झालं असतं.

"मेलेलं काहीही खातात. पण तुमच्या यजमानांचं... तिजानीकाकांनी सांगितलं मला. तीन दिवस ते पाण्यात होते, आणि पाण्यात या नसतात. त्यांचा चेहरा यांनी नाही बिघडवला, मावशी. या गवताबरोबर शेवटी आल्या असतील."

"मग कुणी?"

"खेकडे. मासे."

चहा उकळून कडू झाला.

"तो सापडला त्याच आठवड्यात," ती शेवटी म्हणाली, "दफनानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला त्याच चरातली मासळी होती. मी वाढली. मी पण खाल्ली."

सलूहानं हात पुढे केला आणि अंगठा बशीत टेकवून दाबला. मग पदराला बोट पुसलं आणि पाहुणीच्या पेल्यात चहा ओतला.

त्या दिवसानंतर तिनं मासळी खाल्ली नाही. बेटावर मासळी सोडणं म्हणजे उपासच. जवाची भाकरी, तेल, मिरचीची चटणी, यावर ती राहिली आणि वाळत गेली. कबरस्तानापुढचा बांध मात्र तिनं काढायला लावला. ट्रॅक्टर जिथं पोचत नव्हता तिथं दंताळ्यानं स्वतः खरवडलं. खालची वाळू वर्षानुवर्षांनी उजेडात आली. तिच्यात पिसवा उघड्या पडून सैरावैरा उडत होत्या, आणि ऊन चढलं तशा त्या सुकून थांबल्या.

दोन उन्हाळे किनारा पांढराशुभ्र राहिला. दर हिवाळ्यात येणारं नवं गवत वसंतात उचललं जाई. हाजर एकदा येऊन गेली. तिचे पेले रिकामे निघाले. सलूहा दर शुक्रवारी लारूसीच्या कबरीवर पाणी शिंपडायला जायची, पाखरांसाठी ठेवलेली वाटी भरायची आणि नंतर वाळूत पाय पसरून निवांत बसायची. नझीहाला ती फोनवर म्हणाली, आता मला तिथं बसवतं.

पण वाळू खाली चालली होती. आधी खजुरीची मुळं दिसू लागली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. मग कबरस्तानाच्या कडेला पायरीएवढा कडा तयार झाला, पुढच्या हिवाळ्यात तो गुडघ्याएवढा झाला. तिजानीनं तिला तो दाखवला. ती म्हणाली, दर्या कधी खातो, कधी भरतो. तो म्हणाला, हो, भरतो. भरण्यासाठी त्याला काहीतरी धरून ठेवणारं लागतं. तेवढ्यावर विषय संपला.

मग तो शर्की वारा आला. पूर्वेचा वारा आमच्याकडे नेहमीचाच, पण या खेपेला तो थांबेना. फेरीबोट बंद पडली, होड्या घराच्या अंगणापर्यंत ओढून आणल्या. वारा पडला त्या सकाळी शेजारची दलेंदा सलूहाच्या दारात आली. तिच्या डोक्यावर रुमालही धड नव्हता.

"चल," ती म्हणाली. "कबरी उघड्या पडल्यात."

गाव तिथं गोळा झालं होतं. मुलांची रांग नव्हतीच. जिथं ती होती तिथं पाणी होतं, गढूळ, शांत. दुसरी रांग कड्यात अर्धी अर्धी कापली गेली होती, कपाटाचे खण उघडे राहावेत तशी. इमामसाहेबांनी कड्यावर उभं राहून सांगितलं की गरज पडली तर मयताला हलवणं धर्मात बसतं, आणि वेळ घालवू नका, संध्याकाळी पुन्हा पाणी चढेल. माणसं घरून चादरी, घमेली, फावडी घेऊन आली.

सलूहा कड्यावरून खाली उतरली. लारूसीची कबर डोक्याकडून फुटली होती. ती हातांनी वाळू काढू लागली. तिजानी समोर नवं पांढरं कापड पसरून बसला. हाडं हाती येत गेली तशी ती देत गेली, तो मांडत गेला. कवटी होती, खालचा जबडा नव्हता. कवटीवर कसलीही खूण नव्हती. कुणाचीही असावी अशी ती होती. सलूहानं ती ओढणीनं पुसली.

"अन्वरला ही जागा मीच दाखवली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे. अन्वरनं तेव्हाच सांगितलं मला."

"मग गावात बोलला का नाहीस? चारचौघांत माझी शोभा करायचीस."

"थांबली असतीस?"

तिनं विचार केला. "नाही."

"मग झालं तर," तिजानी म्हणाला. "ते टोक धर. वाळूत लोळतंय."

जबडा ती संध्याकाळपर्यंत लाटांत शोधत होती. मिळाला नाही. मिठागराच्या कडेला, जिथं काही उगवत नाही म्हणून जमीन मोकळी होती, तिथं नवे खड्डे खणले आणि सगळ्यांना नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून पुन्हा ठेवलं. जमीन इतकी खारट की कुदळीला पांढरी पुटं चढत होती.

दलेंदाचं तान्हं बाळ त्या पहिल्या रांगेत होतं. फार वर्षांपूर्वीचं, नाव ठेवायच्या आतच गेलेलं. त्याचं काहीच मिळालं नाही, हलवायला काही नव्हतं. सलूहानं भाकऱ्या केल्या आणि तिच्याकडे गेली. ट्रॅक्टर हॉटेलचा होता, परवानगी नगरपालिकेची होती, तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणी तिचं नाव घेतलं नसतं. तिनं उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. अन्वरला कुठून कुठपर्यंत चालवत नेलं तेही.

दलेंदानं ऐकून घेतलं.

"त्या हॉटेलच्या पाहुण्यांना आपली पोरं कुठं पुरलीत हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

तिनं भाकऱ्या घेतल्या नाहीत. दार आपटलं नाही, हळूच लावलं. दोन घरांच्या मधे एकच भिंत, दोघींची तीस वर्षांची ऊठबस, पण दलेंदा त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. विहिरीवर गाठ पडली तर ती सलूहाची बादली भरेपर्यंत बाजूला उभी राही, आणि मग आपली भरी. हळूहळू इतर बायकांनीही तसंच करायला सुरुवात केली.

गवत काढणं बंद झालं. अन्वरची बदली झाली की त्यानं स्वतःच करून घेतली, कोण जाणे. उरलेल्या कबरी वाचवायच्या म्हणून सलूहा गवत परत आणू लागली. लांबच्या कोपऱ्यातून हातगाडी भरून आणायची, कड्याच्या पायथ्याशी रचायची, पायांनी तुडवून बसवायची. भरती यायची आणि अर्धं घेऊन जायची. ती पुन्हा रचायची. गवतातून पिसवा तिच्या मनगटांवर उड्या मारत. ती झटकत नसे. माया आली होती असं नाही. झटकायला हात मोकळे नसत. तिजानी मासळी काढून परतला की कधी कधी गाडीला खांदा द्यायचा. दुसरं कुणी आलं नाही, आणि तिनं कुणाला बोलावलंही नाही.

त्या ओलीत तिच्या छातीनं दगा दिला. खोकला सुरू झाला तो हटेना. नझीहा आली आणि तिला सफाकसला घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसायचे. सलूहा मुलीला रोज विचारायची, आज वारा कुठला आहे? नझीहाला ते सांगता यायचं नाही. इमारतींमध्ये वारा कुठूनही येतो.

ती हिवाळ्यात गेली. तिला लारूसीशेजारी मिठागरापाशी ठेवायचं असं नझीहानं ठरवलं होतं. तिजानीनं जागा खणूनही ठेवली होती. पण शर्की सुटला होता आणि फेरीबोट बंद होती. मयत घरात किती ठेवणार? जावयानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग शहराच्या मोठ्या कबरस्तानात, अनोळखी माणसांच्या रांगेत, तिला पुरलं.

फेरी सुरू झाल्यावर तिजानी आला. नझीहाबरोबर कबरीवर गेला, फातिहा वाचला, बराच वेळ तिथंच उकिडवा बसला. नझीहानं विचारलं, बेटावर खणलेल्या जागेचं काय केलंत, काका?

"बुजवली," तो म्हणाला. "उघडी ठेवून चालत नाही."